टूलला कोटिंग करायचंय? आधी घासलेली धार बघा

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, जॉब सगळे कास्टिंगचेच, ग्रे आयर्न आणि एसजी (चिवट जातीचं बीड), म्हणजे कोल्हापूरच्या निम्म्या शॉपमध्ये जे चालतं तेच. ड्रिल, टॅप, रीमर, एंड मिल यावर महिन्याला जो खर्च जातो तो बघून कुणीतरी म्हणतंच की कोटिंगवाली टूल्स घ्या किंवा आहेत त्यांना कोटिंग करून आणा, लाइफ डबल होतंय. होतंय, खरंच होतंय. पण बऱ्याच जणांकडं होत नाही आणि मग ते म्हणतात कोटिंग म्हणजे नुसता रंग. मी पण एकदा १४ ड्रिलची पहिली बॅच करून आणली होती आणि त्यातली ६ ड्रिल पहिल्याच दिवशी कोपऱ्यात फुटली. चूक कोटिंगवाल्याची नव्हती, आमच्या ग्राइंडिंगची होती. असं करून आणलेलं कोटिंग, म्हणजे टूलवर बसवलेला कडक थर, असतंय जेमतेम २ ते ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर त्याच्या विसाव्या भागाएवढं. एवढा पातळ थर खालची धार कशी आहे त्यावरच टिकतो, म्हणून हा लेख रंगापासून नाही, धारेपासून सुरू करतोय.

आधी जुनं टूल बघायचं

टूल बोथट झालं की ऑपरेटर काढतो, डब्यात टाकतो आणि नवीन लावतो. तो डबा टेबलवर ओता. १० पट ते ५० पट दिसणारी भिंग किंवा यूएसबी मायक्रोस्कोप घ्या, फार महाग येत नाही, आणि प्रत्येक टूलची धार बघा. नेमकं काय झालंय ते लिहून काढा, कारण कोटिंग सगळ्या रोगांवर चालत नाही.

धारेच्या मागच्या बाजूला, म्हणजे फ्लँकवर, एकसारखी चकचकीत पट्टी पडली असेल तर ती सरळ घासाई. ही कोटिंगनं कमी होते, हमखास. पट्टी साधारण ०.३ मिमी झाली की टूल काढायचं असा जो अंक सगळीकडं वापरतात तो धरून चला. वरच्या बाजूला, जिथनं चिप सरकते तिथं, खड्डा पडला असेल तर तो उष्णतेचा मामला, स्टीलवर जास्त दिसतो, त्यालाही कोटिंग उपयोगी, पण कोटिंग उष्णता सोसणारं पाहिजे. धारेवर जॉबचंच मटेरियल चिकटून बसलं असेल, म्हणजे बिल्ट अप एज, तर स्पीड कमी पडतोय किंवा कोटिंगची जात चुकलीय.

आता जे कोटिंगनं अजिबात सुटत नाही ते. धारेचे तुकडे उडालेत, कोपरा फुटलाय, ड्रिल मधेच मोडलंय, एका बाजूचं लिप (कापणारी धार) घासलंय आणि दुसरं नवंकोरं आहे, हे सगळं होल्डर, कोलेट, स्पिंडल, क्लॅम्पिंग किंवा कास्टिंगचं दुखणं आहे. आमच्याकडं एका व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) ड्रिल फुटायचं, डायल लावून बघितलं तर रनआउट (फिरताना टूल किती डगमगतं ते) ०.०६ मिमी. कार्बाइड ड्रिलला ०.०२ च्या आत पाहिजे. कोलेट बदलला, फुटणं बंद झालं, कोटिंगचा संबंधच नव्हता. कास्टिंगचं पण तसंच, पातळ कडेला चिल (लवकर गार होऊन कडक झालेला भाग) असेल किंवा कातडीत वाळू चिकटून राहिली असेल तर ती वाळू कुठल्याही कोटिंगला खरवडूनच काढणार. फाउंड्रीवाल्याशी शॉट ब्लास्टिंगबद्दल बोलणं तिथं जास्त स्वस्त पडतं. आणि बीएचएन (ब्रिनेल कडकपणा) बघत जा, एफजी २६० ग्रेडच्या ग्रे आयर्नचं कास्टिंग साधारण १८० ते २३० च्या दरम्यान पाहिजे, त्याच्या वर आलेल्या लॉटवर टूल लाइफ मोजून कोटिंगला नावं ठेवू नका.

कशावर काय बसतं

कोटिंग लावायच्या दोन मोठ्या पद्धती. सीव्हीडी, म्हणजे गॅसमधनं रासायनिक क्रियेनं थर बसवणं, ही जुनी, १९६९ च्या सुमारास टायटॅनियम कार्बाइडच्या थराच्या कार्बाइड टिप बाजारात आल्या त्या याच पद्धतीच्या. तापमान १००० डिग्रीच्या आसपास, नवीन पद्धतीत ७०० ते ९०० पर्यंत. थर जाड बसतो, ५ ते २० मायक्रॉन, आणि त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर देता येतो. टर्निंगच्या ज्या टिप आपण सीआयला (कास्ट आयर्नला) वापरतो त्या बहुतेक अशाच. दुसरी पीव्हीडी, व्हॅक्युममध्ये धातूची वाफ करून बसवायची, ४०० ते ५०० डिग्री, थर पातळ, धार बरीचशी तीक्ष्ण राहते. आपण पुण्याला पाठवून जे करून आणतो ते हे पीव्हीडी.

हे तापमान का सांगतोय, तर एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टेम्परिंग, म्हणजे कडक केल्यावर परत तापवणं, साधारण ५५० डिग्रीला झालेलं असतं, म्हणून त्याला पीव्हीडी चालतं, सीव्हीडीत घातलं तर कडकपणा सगळा गेला. आणि इथं आपल्या टूल रूमवाल्यांची एक नेहमीची चूक होते. ओएचएनएसचा (तेलात कडक करायच्या टूल स्टीलचा) पंच किंवा फॉर्म टूल पाठवतात. ओएचएनएस २०० डिग्रीच्या आसपास टेम्पर केलेलं असतं, ४५० डिग्रीच्या चेंबरमधनं बाहेर आलं की वर सोनेरी कोटिंग आणि आत मऊ लोखंड, आणि मऊ पायावर कडक थर म्हणजे दाब आला की अंड्याच्या कवचासारखा फुटणार. डी-टू (जास्त क्रोमियमचं टूल स्टील) असेल तर हीट ट्रीटमेंटवाल्याला आधीच सांगायचं की कोटिंगला जाणार आहे, ५०० च्या वर टेम्पर कर.

ब्रेझ केलेली टूल्स, म्हणजे आपल्या उद्यमनगरात गल्लोगल्ली करून मिळतात ती टिप चिकटवलेली टूल्स, सहसा परत येतात. चांदीच्या ब्रेझिंगमध्ये कॅडमियम किंवा झिंक असलं की व्हॅक्युममध्ये गरम झाल्यावर त्याची वाफ होते आणि अख्खं चेंबर आणि बाकीच्यांची बॅच पण खराब होते. कॅडमियम-झिंक नसलेलं, जास्त तापमानाला वितळणारं ब्रेझिंग केलं असेल आणि तसं सांगितलं असेल तरच घेतात. लपवून पाठवू नका, दुसऱ्याची टूल्स पण त्यातच असतात.

आणि सगळ्याला पीव्हीडीच पाहिजे असं नाही. एचएसएसला स्टीम टेम्परिंग करतात, काळा ऑक्साइडचा थर बसतो, कुलंट धरून ठेवतो, स्टीलमध्ये चिप चिकटत नाही, आणि खर्च फार कमी. सीआयच्या टॅपिंगला नायट्राइड केलेला टॅप चांगला चालतो कारण सीआय चिकटत नाही, घासतं. फक्त नायट्रायडिंगनं धार ठिसूळ होते, झटका बसणाऱ्या कामाला नको.

कोणतं कोटिंग

टायटॅनियम नायट्राइड, सोनेरी, सगळे गोल्डन कोटिंग म्हणतात. कडकपणा २३०० विकर्सच्या (विकर्स हे कडकपणाचं माप) आसपास, ६०० डिग्रीपर्यंत टिकतं. एचएसएस ड्रिल, हॉब (गिअरचे दाते कापायचं टूल), साधं स्टील, मिक्स काम असेल तर हे लावा आणि निवांत राहा.

टायटॅनियम कार्बो-नायट्राइड, निळसर करडं. ३००० विकर्स, पण ४०० डिग्रीच्या वर नको. म्हणजे घासाईला भारी, उष्णतेला कमजोर. टॅपसाठी हे मला सगळ्यात आवडतं, कारण टॅपिंगला स्पीड कमी, उष्णता कमी आणि घासाई जास्त, एसजीत एम १२ चा टॅप असेल तर हेच घ्या.

टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड, जांभळट काळं, ३३०० विकर्स, ८०० ते ९०० डिग्री. कार्बाइडवर, सीआय आणि स्टीलवर, कोरड्या किंवा नुसत्या हवेवरच्या मशीनिंगला. याची गंमत अशी की गरम झालं की वर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा बारीक थर स्वतःच तयार होतो आणि तोच उष्णता अडवतो. म्हणजे याला गरम व्हायला पाहिजे! एचएसएस ड्रिल मिनिटाला २५ मीटर स्पीडला चालवायचं आणि त्यावर हे महागडं कोटिंग लावायचं तर सोनेरी टायटॅनियम नायट्राइडपेक्षा फार काही जास्त मिळत नाही, पैसे तेवढे जास्त जातात. हे मला समजायला दोन वर्षं गेली.

ॲल्युमिनियम क्रोमियम नायट्राइड, करडं, ११०० डिग्रीपर्यंत. गिअर हॉब, एसजी आणि कडक स्टीलच्या मिलिंगला. ज्यांच्याकडं गिअरचं काम आहे त्यांनी नक्की बघा.

ॲल्युमिनियमच्या जॉबवर मात्र टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइड लावू नका, कोटिंगमध्येच ॲल्युमिनियम आहे, जॉब त्याला चिकटतो. तिथं बिनकोटिंगचं पॉलिश केलेलं कार्बाइड किंवा डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा थर). तांब्याला क्रोमियम नायट्राइड. खऱ्या हिऱ्याचं कोटिंग ग्राफाइट, कार्बन फायबर आणि जास्त सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमला, लोखंडाला कधीच नाही, कारण गरम लोखंड हिऱ्यातला कार्बन खातं. पितळेला सहसा काहीच लागत नाही.

रंगावर विश्वास ठेवू नका एवढं सांगून पुढं जातो. टर्निंगच्या टिपवर सोनेरी थर बऱ्याचदा फक्त कुठली धार वापरली ते दिसावं म्हणून असतो, काम खालचे थर करतात. बिलावर कोटिंगचं नाव आणि जाडी लिहून घ्या.

ग्राइंडिंग आणि धार, इथं सगळं ठरतं

आमच्या त्या १४ ड्रिलमधली ६ इथंच गेली. रिग्राइंडिंग करताना ड्रिलच्या कोपऱ्यावरचं, मार्जिनवरचं (कडेच्या अरुंद पट्टीवरचं) घासलेलं पूर्ण निघालं नव्हतं. पॉइंटला धार छान दिसत होती, पण कोपऱ्यापासून मागं १ मिमीपर्यंत मार्जिन घासलेलंच. त्यावर कोटिंग बसलं आणि पहिल्या भोकांतच सुटलं. घासाई जिथं संपते त्याच्या मागपर्यंत ग्राइंड करायचं, ड्रिलची लांबी गेली तर जाऊ दे.

कार्बाइडला डायमंड व्हील, एचएसएसला सीबीएन (क्युबिक बोरॉन नायट्राइडचं व्हील) किंवा चांगलं ड्रेस केलेलं ॲल्युमिनियम ऑक्साइड. ते हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं व्हील कोटिंगला जाणाऱ्या टूलला लावू नका, धारेला बारीक दातरे पडतात, डोळ्याला दिसत नाहीत पण भिंगात करवतीसारखे दिसतात. शेवटचा पास ४०० ग्रिटच्या आसपासच्या बारीक व्हीलनं, हलका. एचएसएस निळं पडलं असेल तर ते टूल पाठवूच नका, वरचा थर जळालाय, मऊ झालाय, आणि दगडानं घासून निळं घालवलं तरी जळालेलं आत तसंच असतं.

मग बर (धारेवर उरलेली धातूची किनार) काढायचा आणि धार किंचित गोल करायची, ज्याला होनिंग म्हणतात. हे ऐकून आमचा ग्राइंडर चिडला होता, एवढी मरून धार काढायची आणि परत बोथट करायची? पण विचार करा, एकदम पातळ धारेवर दोन्ही बाजूंनी कोटिंग बसतं तेव्हा त्या टोकाला आधारच नसतो, आणि थरात आधीच ताण असतो, पहिल्या चिपला टोक आणि कोटिंग दोन्ही उडतात. धार थोडी गोल केली की थर वळून बसतो. किती गोल, तर एंड मिलला ५ ते १५ मायक्रॉन, सीआयच्या कार्बाइड ड्रिलला २० ते ४०. मोठ्या कंपन्यांत याला ड्रॅग फिनिशिंगची मशीन असते. आपल्याकडं ॲब्रेसिव्ह नायलॉन ब्रशनं होतं, किंवा १२०० ग्रिटची डायमंड स्टिक ४५ अंशात धरून हलक्या हातानं दोन स्ट्रोक, जास्त नाही. नंतर नखावर धार टेकवून बघा, नख खरवडायला पाहिजे पण कापत आत घुसायला नको. रीमरला मात्र यात हात लावू नका, तिथं जाणकाराकडनंच.

साईझचा हिशोब आधी. ३ मायक्रॉन कोटिंग म्हणजे व्यासात ६ मायक्रॉन वाढ. २० एच ७ च्या (२० मिमीच्या, एच ७ टॉलरन्सच्या) भोकाला सगळी टॉलरन्सच २१ मायक्रॉन, म्हणजे रीमर आधीच वरच्या टोकाला असेल तर भोक साईझबाहेर गेलं समजा. टॅपला तर आणखी, ६० डिग्रीच्या आट्याला पिच डायमीटर कोटिंगच्या जाडीच्या चौपट वाढतो, ३ चे १२ मायक्रॉन. गेजमध्ये जॉब ढिला यायला लागला की आठवा.

धुणं, पॅकिंग, पाठवणं

कोटिंगवाला धुऊन घेतो, पण आतलं त्याला दिसत नाही. कुलंट होल असलेल्या ड्रिलच्या भोकात साठलेलं तेल आणि ग्राइंडिंगचा गाळ हवेनं आणि सॉल्व्हंटनं तुम्हीच काढा, व्हॅक्युममध्ये ते उकळून धारेवर येतं आणि तिथलं कोटिंग पापुद्र्यासारखं निघतं. मार्करनं लिहिलेले नंबर, स्टिकरचा गोंद, धारेवरचं मेण सगळं साफ. स्क्रूनं जोडलेलं असेल तर सुटं करून पाठवा. चुंबक लागलेली टूल्स डीमॅग्नेटाइझ करा, नाहीतर बारीक कण धरून ठेवतात.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर दमट हवा, एचएसएसवर एका रात्रीत गंजाचे ठिपके येतात आणि ठिपक्यावर कोटिंग बसत नाही. हलकं गंजरोधक तेल, व्हीसीआय (गंज रोखणारा) कागद, प्रत्येक टूल प्लॅस्टिकच्या वेगळ्या नळीत. एकाच पिशवीत २० ड्रिल खुळखुळत पाठवली तर होनिंगची सगळी मेहनत पुण्याला पोचायच्या आतच गेली. आणि पावसाळ्याआधी एक जादा सेट तयार ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुण्याचा रस्ता काही दिवस बंद होता, आमची टूल्स तिकडं आणि जॉब इकडं.

बरोबर एक कागद द्या: टूल कशाचं आहे, कुठलं मटेरियल कापणार, कुलंट की कोरडं, कुठल्या भागाला कोटिंग पाहिजे आणि कुठला झाकायचा. शँक झाकायला सांगा, हायड्रॉलिक किंवा श्रिंक होल्डरला व्यासातला फरक चालत नाही.

परत आल्यावर

भिंग घ्या. धारेवर कुठं रंग वेगळा आहे का, सुटलंय का. फ्लूटवर (चिप बाहेर येते त्या खाचेत) बोट फिरवून खरखरीत लागतंय का, पीव्हीडीच्या आर्क पद्धतीत धातूचे बारीक थेंब बसतात, ड्रिल आणि टॅपच्या फ्लूटला कोटिंगनंतर पॉलिशिंग सांगितलं तर चिप छान सरकते. जास्त काम देत असाल तर बॅचबरोबर एक टेस्ट पीस घालायला सांगा. त्यावर फिरत्या गोळीनं खळगा पाडून जाडी मोजतात आणि रॉकवेलचा ठसा मारून भोवती कोटिंग किती फुटतंय ते बघतात, एचएफ १ ते एचएफ ६ असे दर्जे आहेत, ४ पर्यंत पास, ५ आणि ६ नापास. रिपोर्ट मागा, लाजू नका.

मशीनवर

कोटिंग केलेलं टूल जुन्याच स्पीडला चालवलं तर लाइफ वाढतं, पण खरा फायदा स्पीड वाढवण्यात असतो. १० मिमीचं कार्बाइड ड्रिल ८० मीटरला चालवायचं तर आरपीएम २५४६ येतो, आधी बिनकोटिंगचं ६० ला असेल तर १९१०. एकदम उड्या मारू नका, कार्बाइडला स्पीड २० टक्के वाढवला तर लाइफ साधारण निम्मं होतं हे टेलरच्या टूल लाइफच्या जुन्या सूत्रातनंच निघतं, तेव्हा १० टक्क्यांनी वाढवा आणि घासाई मोजा. मिलिंगला कार्बाइडवर कुलंट कमी-जास्त पडत असेल तर बंदच करा आणि हवा लावा, गरम-गार गरम-गार होऊन धारेला आडव्या भेगा पडतात.

ट्रायल घ्यायची तर ५ जुनी आणि ५ नवी टूल्स, एकच मशीन, एकाच हीटची (एकाच वेळी वितळवलेल्या धातूची) कास्टिंग, आणि आलटून पालटून लावायची, सकाळी सगळी जुनी आणि संध्याकाळी सगळी नवी असं नाही. मोडेपर्यंत चालवू नका, ०.३ मिमीला काढा आणि भोकं लिहा.

हिशोब असा करा, आकडे धरलेले आहेत, तुमचे घाला. नवं ड्रिल ३००० रुपये, १२०० भोकं, म्हणजे भोकाला २.५० रुपये. रिग्राइंड आणि कोटिंग मिळून ७००, भोकं ९६०, म्हणजे ७३ पैसे. नुसतं रिग्राइंड ३००, भोकं ५००, म्हणजे ६० पैसे. इथंच बरेच जण थांबतात आणि म्हणतात नुसतं रिग्राइंडच बरं. थांबू नका. टूल बदलायला ६ मिनिटं, मशीन ताशी ४०० धरलं तर दर बदलाला ४० रुपये, ते भोकांवर वाटलं की ७७ आणि ६८ पैसे. आता बिनकोटिंगच्या पॉइंटला स्पीड कमी ठेवावा लागतो, ६ सेकंदाचं भोक ८ ला गेलं तर भोकामागं आणखी २२ पैसे, म्हणजे ७७ विरुद्ध ९०. मशीन रिकामं उभं असेल तर हे २२ पैसे धरू नका, तेव्हा नुसतं रिग्राइंड बरोबर. मशीन भरलेलं असेल तर कोटिंग.

परत परत कोटिंग

ड्रिलचा पॉइंट ग्राइंड होतो पण फ्लूट आणि मार्जिनवर जुनं कोटिंग राहतं, त्यावर नवं बसतं, मग आणखी एक. तीन-चार वेळा असं झालं की थर जाड होऊन स्वतःच्या ताणानंच सुटायला लागतो. म्हणून प्रत्येक टूलच्या शँकवर नंबर कोरून वहीत लिहा, कितवं रिग्राइंड, कितवं कोटिंग, किती भोकं. तिसऱ्या खेपेनंतर जुनं कोटिंग काढून मग नवं लावायला सांगा. एचएसएसवरनं रसायनानं व्यवस्थित निघतं. कार्बाइडवरनं काढताना रसायन कोबाल्ट खातं आणि पृष्ठभाग पोकळ होतो, तेव्हा परत आल्यावर धार भिंगाखाली काळपट, खडबडीत दिसली तर पुन्हा हलकं ग्राइंड केल्याशिवाय कोटिंग नको. आणि लांबी एवढी कमी झाली असेल की फ्लूट जॉबच्या खोलीला पुरत नाही, तर ते टूल कार्बाइड स्क्रॅपच्या डब्यात, एचएसएसच्या डब्यात नाही, कार्बाइड किलोवर वेगळ्या भावानं जातं.